फादरांची शाळा

फेब्रुवारी १९८८. मुंबईच्या आझाद मैदानावर शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डचा उपांत्य सामना. शारदाश्रमच्या दोन पोरांनी तिसऱ्या विकेटसाठी ६६४ धावांची अभेद्य भागी रचली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. हे आकडे महाराष्ट्रात बॅट हातात न धरलेल्या माणसालाही तोंडपाठ असतात. समोर कोण होतं, असं विचारलं की मात्र भले भले डोकं खाजवतात. समोर होती धोबीतलावची सेंट झेवियर्स हायस्कूल. तिची मुलं उन्हात चेंडूमागे पळून पळून थकली, मग स्वतः १४५ धावांत गुंडाळली गेली आणि त्या गोष्टीत ‘प्रतिस्पर्धी संघ’ एवढ्याच नावानं उरली. त्या संघात साईराज बहुतुले नावाचा एक लेगस्पिनर होता. पुढे तो भारताकडून कसोटी खेळला. पण त्या दिवसाच्या गोष्टीत त्याला कोणी विचारत नाही.

कॅथलिक मुलांच्या शाळांची आपल्याकडची ओळख बहुधा अशीच, दुसऱ्याच्या गोष्टीतून झालेली आहे. सुनील गावसकरांच्या चरित्रात झेवियर्स येते, रवी शास्त्रींच्या चरित्रात माटुंग्याची डॉन बॉस्को येते, वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांच्या चरित्रात माझगावची सेंट मेरीज येते. दोन ओळी येतात आणि जातात. ‘फादर फार कडक होते’ हे एक वाक्य ठरलेलं असतं. शाळा म्हणून त्या कशा चालल्या, त्यांच्या परंपरा कुठून आल्या, त्यांतल्या कोणत्या टिकाव्यात आणि कोणत्या गेल्या तर बरं, हे मराठीत सलग असं फारसं लिहिलं गेलेलं नाही. त्या विषयाची ही प्रस्तावना आहे, आणि ती बीडच्या वाचकाला समोर ठेवून लिहिली आहे.

बीडच्या वाचकाचा या विषयाशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात शंभर-दीडशे वर्षं जुनी, फक्त मुलांची, फादरांनी चालवलेली शाळा नाही. आपण निजामाच्या मुलखात होतो. सरकारी शाळांत उर्दूचा अंमल होता आणि मराठी शिकवायचं म्हणजे लोकांनी स्वतःच्या हिमतीवर शाळा काढायची, अशी रीत होती. अंबाजोगाईची, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादची, योगेश्वरीची शाळा त्यातलीच. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथं शिकवलं. त्याआधी ते शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते, तिथं तर शिक्षक आणि मुलं एकाच आवारात राहत. कॅथलिक चर्चचा नकाशा आपल्याकडे उशिरा पोचला. मराठवाड्यासाठी औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९७७ च्या डिसेंबरात. तोवर अमरावतीकडून कारभार चाले. त्यामुळे बीडच्या माणसानं फादर पाहिला असेल तर तो शेजारच्या नगर जिल्ह्यात, औरंगाबादेत, नाहीतर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, यात्रेत.

तरीही मला वाटतं, महाराष्ट्रात या शाळांचा अनुभव सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असा जिल्हा कोणता म्हणाल तर तो बीडच. का, ते पुढे येईल. आधी मूळ पाहू.

सुरुवात होते १५४८ मध्ये, सिसिली बेटावरच्या मेसिना गावी. इग्नेशियस लोयोलानं काढलेल्या येशूसंघानं, म्हणजे जेझुइटांनी, बाहेरच्या मुलांसाठी काढलेलं पहिलं मोठं विद्यालय तिथलं. पन्नास वर्षं निरनिराळ्या देशांत शाळा चालवून, चुकत-माकत, मसुदे फिरवत त्यांनी १५९९ साली एक नियमपुस्तक पक्कं केलं. ‘रॅशियो स्टुडिओरम’ हे त्याचं लॅटिन नाव. पुस्तक रूक्ष आहे. कोणत्या वर्गात काय शिकवायचं, तास किती वेळाचा, परीक्षेला मुलांना कसं बसवायचं, असला सगळा मामला. पण त्यात दोन गोष्टी अशा आहेत की आजच्या शाळेतला कोणीही मुलगा त्या चटकन ओळखेल.

पहिली, दहा मुलांमागे एक पोरगा. त्याला रोमन सैन्यातला शब्द वापरून डेक्युरियन म्हणत. गुरुजी वर्गात येण्याआधी तो आपल्या दहा जणांचं पाठांतर ऐकणार, वह्या गोळा करणार, कोणाचं काय राहिलं ते टिपून ठेवणार. आपल्या मॉनिटरचा हा थोरला भाऊ. फरक एवढाच की आपला मॉनिटर फळ्यावर बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो आणि तिथंच त्याचं काम संपतं. दुसरी गोष्ट स्पर्धेची. त्या काळच्या जेझुइट वर्गात मुलांचे दोन तट पाडत, एक रोमचा आणि एक कार्थेजचा. प्रत्येक मुलाला समोरच्या तटात एक ठरलेला प्रतिस्पर्धी असे. आपला मुलगा अडला की समोरच्यानं चूक पकडायची, गुण त्याच्या तटाला. आजच्या शाळांतले लाल, निळे, हिरवे, पिवळे ‘हाऊस’ इंग्रजी निवासी शाळांकडून आले असं म्हणतात आणि ते बरोबरही आहे. पण फादरांच्या शाळेत ते इतके पटकन रुजले त्याचं कारण जमीन आधीच नांगरलेली होती.

हे शिक्षण आपल्या किनाऱ्याला लागलं तेही लवकर. गोव्यातलं सेंट पॉल कॉलेज १५४० च्या दशकातलं, आणि १५५६ साली भारतातला पहिला छापखाना बसला तोही त्याच कॉलेजात. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. तिथल्या साष्टीत राहून तो मराठी शिकला, आणि असा शिकला की १६१६ साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापून निघालं. एक गोष्ट लक्षात घ्या, हा माणूस धर्म शिकवायला आला आणि आधी स्वतः विद्यार्थी झाला. पुढच्या तीनशे वर्षांत त्याच्या वारसदारांना हे किती जमलं यावर मतभेद होतील. माझं मत, मुंबईत कमी जमलं, वसईत आणि नगरात जास्त.

मग साखळी तुटली. १७५९ मध्ये पोर्तुगालनं जेझुइटांना आपल्या राज्यातून हाकललं, १७७३ मध्ये पोपनं संघच बरखास्त केला. १८१४ साली तो पुन्हा उभा राहिला. म्हणजे ‘साडेचारशे वर्षांची अखंड परंपरा’ वगैरे जे स्नेहसंमेलनात सांगितलं जातं, त्यातल्या ‘अखंड’ला काही अर्थ नाही. मधली चाळीस-पन्नास वर्षं कोरी आहेत.

आज ज्या शाळांची नावं आपण घेतो त्या बहुतेक एकाच दशकात उगवल्या. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३, माझगावची सेंट मेरीज १८६४, पुणे कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स १८६७, मुंबईची सेंट झेवियर्स १८६९, नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स १८७०. या सात वर्षांत मुंबई कापसाच्या पैशानं फुगली आणि फुटली, रेल्वे घाट चढून वर आली, छावण्या वाढल्या. रेल्वेत, तारखात्यात, गोदीत, लष्करी हिशेबखात्यात इंग्रजी येणारे कारकून हवे होते. गोव्याहून आणि मंगळुराहून कॅथलिक कुटुंबं पोटासाठी मुंबई-पुण्यात येत होती. शाळा निघाल्या त्या या गरजेतून.

वांद्र्याच्या स्टॅनिस्लॉसची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि मला ती महत्त्वाची वाटते. आज ‘स्टॅनीज’ म्हटलं की हॉकीची मैदानं आणि सिनेमावाल्यांची मुलं डोळ्यांपुढे येतात. सुरुवातीला ते अनाथ मुलांचं वसतिगृह होतं. ज्याच्या नावानं ते उभं आहे तो स्टॅनिस्लॉस कोस्टका हा पोलंडच्या सरदार घराण्यातला पोरगा. घरच्यांचा विरोध मोडून व्हिएन्नाहून पायी निघाला, रोमला पोचून जेझुइट झाला आणि १५६८ साली, वयाची अठरा वर्षं पुरी व्हायच्या आत, वारला. शाळेचं लॅटिन ब्रीद त्याच्याच नावाशी जोडलेलं आहे. अधिक मोठ्या गोष्टींसाठी जन्मलेला, असा त्याचा अर्थ. घर सोडून चालत निघालेल्या मुलाचं नाव घर नसलेल्या मुलांच्या शाळेला देणारा माणूस कोण असेल तो असो, त्याला मुलं कळत होती.

या शाळांविषयी बोलताना ‘इंग्रजांच्या शाळा’ असं सर्रास म्हटलं जातं. त्या इंग्रजांच्या नव्हत्या. मुंबई-पुण्याच्या शाळा जर्मन जेझुइटांनी उभ्या केल्या. नागपूरच्या फ्रेंच भाषक सव्हॉयहून आलेल्या फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनऱ्यांनी काढल्या, औरंगाबादकडचं कामही त्यांचंच. माटुंग्याची डॉन बॉस्को १९४१ साली इटलीच्या सलेशियनांनी थाटली. म्हणजे जर्मन माणूस मराठी, कोकणी, गुजराती पोरांना इंग्रजी शिकवतो आहे, असा तो प्रकार. उच्चाराची काय गंमत होत असेल याची कल्पना केलेली बरी.

पहिल्या महायुद्धात या गमतीला वेगळंच वळण लागलं. जर्मन म्हटल्यावर हे फादर एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मनांना नजरकैदेत टाकलं, त्यांची मोठी छावणी आपल्या शेजारी अहमदनगरलाच होती, आणि मग बहुतेकांना मायदेशी धाडलं. शाळा रिकाम्या व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. मुंबईत स्पॅनिश जेझुइट आले. १९२२ मध्ये आलेले इतिहासकार हेन्री हेरास त्यांतलेच. पुण्याकडे हळूहळू स्विस आले. भाषा बदलली, स्वयंपाक बदलला, मुख्याध्यापकाच्या खोलीतली तसबीर बदलली असेल. सकाळची घंटा, प्रार्थनेची रांग, शिस्त पाहणाऱ्या प्रीफेक्टची वही, संध्याकाळचं मैदान, सगळं होतं तसं राहिलं. स्वातंत्र्यानंतर पुन्हा तेच झालं. युरोपी फादर म्हातारे झाले, त्यांच्या जागी वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे आणि नगरचे आले.

या एका गोष्टीवर मी खूप विचार केला आहे. माणसांचा देश बदलतो, भाषा बदलते, सरकार बदलतं आणि शाळा ओळखू येत राहते, तर तिचं शाळापण कशात असतं? माझं उत्तर असं की ते वेळापत्रकात असतं. सण-समारंभ, मानचिन्ह, लॅटिन ब्रीदवाक्य, शाळेचं गीत ही सगळी वरची सजावट. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी एक मोठा माणूस हजर असणं ही खरी परंपरा. ती लिहून ठेवता येते, शिकवता येते, आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देता येते.

म्हणून या शाळेचा एक दिवस जरा जवळून पाहू. पहिली घंटा होते तेव्हा आवारात दंगा असतो. दुसऱ्या घंटेला दंगा थांबतो, आणि तो ओरडल्याशिवाय थांबतो हे पाहण्यासारखं असतं. उंचीप्रमाणे रांगा, पुढे बुटके, मागे ताडमाड. प्रार्थना, एखादी बातमी, वाढदिवसाची टाळी. प्रीफेक्ट नखं आणि बूट बघत रांगेतून जातो. वर्गात गेल्यावर जुन्या जेझुइट शाळांत मुलं पानाच्या डोक्यावर ए. एम. डी. जी. ही चार अक्षरं लिहीत, देवाच्या अधिक गौरवासाठी, या अर्थाच्या लॅटिन वाक्याची आद्याक्षरं. आपली पोरं जिथं ‘श्री’ लिहितात नेमकी तीच जागा. त्यामुळे गिरगावातून आलेल्या पोराला त्यात वावगं काही वाटायचं नाही, फार तर तो दोन्ही लिहायचा.

मग आठवड्यातला तो तास, ज्यात कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला बसतात. या तासाबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत. सरकारी मदत घेणाऱ्या किंवा मान्यता असलेल्या शाळेत कोणालाही त्याच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं. बाकीच्यांसाठी मॉरल सायन्स हा त्याला पर्याय. खरं बोलावं, चोरी करू नये, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा, अशा गोष्टींचं ते पुस्तक असतं. मुलांच्या दृष्टीनं हा तास म्हणजे निबंधाची राहिलेली वही पूर्ण करण्याची सोय.

मधल्या सुटीत आणि शाळा सुटल्यावर फादर मैदानात. हा भाग सलेशियनांनी तर जवळजवळ शास्त्र म्हणून मांडला. हा संघ काढणाऱ्या ट्यूरिनच्या डॉन बॉस्कोंनी, १८१५ ते १८८८ हा त्यांचा काळ, रस्त्यावरची आणि कारखान्यांतली पोरं गोळा करून त्यांच्यासाठी वसतिगृहं काढली. त्यांची पद्धत प्रतिबंधाची. पोरानं गुन्हा केल्यावर शिक्षा करत बसण्यापेक्षा, गुन्हा करायला त्याला मोकळीक आणि एकांत मिळणार नाही इतकं त्याच्या सोबत राहायचं. म्हणून सलेशियन फादर झगा खोचून पोरांबरोबर फुटबॉल खेळतो. तो खेळतो म्हणजे पहारा देतो, आणि पोरांना ते कळत असतं, तरी चालतं. रात्री निजायच्या आधी वसतिगृहात दोन-तीन मिनिटांचं बोलणं होतं. त्याला ते ‘गुड नाइट’च म्हणतात. दिवसभरात काय बरं झालं, काय वाईट झालं, उद्या काय आहे, बस. व्याख्यान नाही. डॉन बॉस्कोंच्या आईनं, मार्गारेटबाईंनी, पहिल्या अनाथ पोराला झोपवताना असं बोलून ही चाल पाडली, असं सलेशियन सांगतात.

मैदानाचं फळ शील्डांत दिसलं. मुंबईतली शालेय क्रिकेटची हॅरिस आणि गाइल्स शील्ड ही एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावरची. १९७६ साली गाइल्स शील्डच्या अंतिम सामन्यात डॉन बॉस्को सेंट मेरीजकडून हरली. दोन्हीही फादरांच्याच शाळा. पुढच्या वर्षी रवी शास्त्री कर्णधार होता आणि डॉन बॉस्कोनं ती ढाल पहिल्यांदा जिंकली. वांद्र्याच्या स्टॅनीजनं हॉकीत नाव काढलं. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला आणि पुढे भारताचं कर्णधारपद भूषवलेला विरेन रास्किन्हा तिथलाच.

एवढं कौतुक झालं. आता दुसरी बाजू, कारण ती टाळून लिहिलेली प्रस्तावना म्हणजे वर्धापनदिनाची स्मरणिका.

पहिली गोष्ट छडीची. या शाळांतून बाहेर पडलेला पन्नाशी-साठीतला माणूस छडीची आठवण हसत सांगतो. मला त्या हसण्याचा भरवसा वाटत नाही. ज्यांना हसता येत नाही ती मुलं स्मरणिकेत लिहीत नाहीत. दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजी शाळांत मराठी बोलल्याबद्दल दंड, ही चाल आपल्याकडे अनेक ठिकाणी होती, आणि स्टीफन्सचा वारसा सांगणाऱ्यांना ती शोभणारी नव्हती. तिसरी, फक्त मुलांची शाळा. बारा वर्षं मुलींशिवाय वाढलेला मुलगा कॉलेजात गेल्यावर वर्गातल्या मुलीशी बोलताना घामाघूम होतो हे सोडा, पण बरोबरीनं वागायला शिकायला त्याला उशीर होतो, हे खरं आहे. काही शाळांनी आता मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली आहे. माजी विद्यार्थ्यांना त्याचं वाईट वाटतं. वाटू दे.

चौथी गोष्ट सगळ्यात गंभीर. मुलांना घरापासून तोडून बंद आवारात ठेवणाऱ्या कोणत्याही संस्थेत काय होऊ शकतं, हे आयर्लंडनं जगाला दाखवलं. तिथल्या चौकशी आयोगाचा, रायन आयोगाचा, अहवाल मे २००९ मध्ये आला. धर्मसंघांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना मारहाण आणि लैंगिक अत्याचार झाले होते आणि वरिष्ठांनी ते दाबले होते. ही गोष्ट तिथं घडली, इथं नाही, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि तो चर्चच्या बोर्डिंगला, आश्रमशाळेला, मदरशाला, सैनिकी शाळेला, सगळ्यांना सारखाच लागू आहे. पोरांच्या सोबत राहणारा मोठा माणूस हे या शाळांचं बळ, असं मी वर म्हटलं. त्या माणसावर बाहेरच्यांची नजर असेल तरच हे बळ.

आणि मग हक्कांचा प्रश्न. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क घटनेच्या ३० व्या कलमानं दिला. त्याची सीमा आखणारा एक मोठा निकाल जेझुइटांच्याच खटल्यात लागला, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या, १९७४ साली, नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे. चालवण्याच्या हक्कात वाटेल तसं चालवण्याचा हक्क येत नाही, पण सरकारला कारभारच ताब्यात घेता येणार नाही, असा त्याचा मध्यम मार्ग. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षणहक्क कायद्यातून अल्पसंख्याक शाळा वगळल्या. वंचित मुलांच्या पंचवीस टक्के जागांचं बंधन त्यांच्यावर राहिलं नाही. कायद्यानं हे ठीक असेल. पण ज्या शाळेची सुरुवात अनाथांच्या वसतिगृहातून झाली, तिनं ती सूट आनंदानं घ्यावी की नाही, हा प्रश्न न्यायालयात सुटणारा नाही.

आता मराठी शाळांकडे येतो, कारण शहरी इंग्रजी शाळांच्या झगमगाटात त्या झाकल्या गेल्या आहेत. वसई तालुक्यातल्या नंदाखालच्या सेंट जोसेफ मराठी हायस्कूलमध्ये शिकलेला एक मुलगा १९७२ मध्ये धर्मगुरू झाला, ‘सुवार्ता’ मासिकाचा संपादक झाला, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणल्याबद्दल त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जानेवारी २०२० मध्ये ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि संमेलन भरलं आपल्या शेजारी, उस्मानाबादला. विरोध झाला, धमक्या आल्या. पाठीचं दुखणं घेऊन ते आले आणि बोलले. बीड, केज, अंबाजोगाईकडून गेलेल्या कित्येकांनी कॅथलिक धर्मगुरूला ओघवत्या मराठीत बोलताना तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं असेल. २०२४ च्या जुलैत ते गेले.

आपल्याला अधिक जवळचं उदाहरण नगर जिल्ह्याचं. संगमनेरला जेझुइटांचं ज्ञानमाता विद्यालय आहे. इथल्या कॅथलिकांचं मूळ वसईसारखं सोळाव्या शतकात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दुष्काळ आणि गावकुसाबाहेरचं जगणं यांतून जे महार-मांग समाजातले लोक ख्रिस्ती झाले त्यांची ही नातवंडं-पतवंडं. गावोगाव विखुरलेली. हरेगावला साखर कारखान्याच्या परिसरात १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते, तिच्यात ही सगळी माणसं एकत्र दिसतात, आणि नवस फेडायला आलेले हिंदूही. त्यांच्या मुलांना एक अडचण अशी होती की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना लागू नाहीत. शीख दलितांना १९५६ मध्ये, बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. सरकारी मागासवर्गीय वसतिगृहाची जी वाट शेजारच्या पोराला मोकळी, ती याला बहुतेक बंद. त्यामुळे मिशनचं बोर्डिंग हा यांच्यासाठी शिकण्याचा मुख्य रस्ता होता. पत्र्याची पेटी, ताटली-तांब्या आणि एक वळकटी घेऊन पाचवी-सहावीतला पोरगा जूनमध्ये यायचा आणि दिवाळीला घरी जायचा.

१९४८ साली भारतात आलेले स्विस जेझुइट हर्मन बाखर याच मुलखात आधी माणसांत रमले, मग पाण्यात. दुष्काळात गावं रिकामी होतात आणि गाव रिकामं झालं की शाळा रिकामी होते, हा नगर-बीडचा नेहमीचा हिशेब. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाची घडी बसवली आणि १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था उभी राहिली. शिक्षणाच्या इतिहासात त्यांचं नाव येत नाही. यायला हवं. पोरगा शाळेत टिकायचा तर आधी बापाला गावात टिकवावं लागतं.

आणि इथंच बीडचा मुद्दा येतो. दसरा झाला की आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रकांची रांग लागते. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, कोणत्याही वाटेनं जा, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघालेली बिऱ्हाडं दिसतात. मागे म्हातारी माणसं राहतात. पोरं कधी मागे राहतात, कधी बरोबर जातात. बरोबर गेलेला पोरगा वाढे गोळा करतो, बैल सांभाळतो, धाकट्याला खेळवतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतो तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. आठवी-नववीपर्यंत हे असं रेटलं की तो शाळेला रामराम ठोकतो, आणि तीन-चार वर्षांत लग्न होऊन स्वतःच अर्धा कोयता बनतो.

यावर सरकारनं काही केलं नाही असं नाही. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी राज्यात ८२ वसतिगृहं. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण वसतिगृह म्हणजे इमारत, खाटा, जेवणाचा ठेका आणि हजेरीपट, एवढीच आपली कल्पना असेल तर ते मुलांचं गोदाम होईल. दीडशे वर्षं बोर्डिंगं चालवून फादर जे शिकले, त्यात इमारतीचा भाग फार थोडा आहे. रात्रीच्या अभ्यासाला मोठी मुलं लहानांच्या बाकावर कशी बसवायची. दहा मुलांमागे एक थोरला नेमला तर तो दादागिरी करणार नाही यासाठी त्याच्यावर कोणी डोळा ठेवायचा. घरची आठवण येऊन रडणारं पोरगं पहिल्या आठवड्यात पळून जातं, त्याला कोणत्या कामाला लावलं म्हणजे ते टिकतं. बापाचा फोन महिनाभर आला नाही तर त्या पोराशी काय बोलायचं. या गोष्टी शासननिर्णयात लिहिता येत नाहीत, पण शिकवता येतात.

धर्माचा अडसर मला यात दिसत नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत गुरुजी मुलांबरोबर राहत होते, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली होती, तिथं कोणी लॅटिन म्हटलं नाही. फादरांचं वेगळेपण इतकंच की संसार नसल्यामुळे माणूस मिळाला, आणि संघ असल्यामुळे तो गेल्यावर दुसरा मिळाला. संसारी शिक्षकाला आवारात राहायला लावायचं तर त्याला तिथं नीट घर द्यावं लागेल, त्याच्या बायकोला काम आणि पोरांना शाळा द्यावी लागेल, आणि दर तीन वर्षांनी बदली करणं थांबवावं लागेल. हा खर्च आहे. फादरांच्या बाबतीत तो खर्च चर्चनं उचलला म्हणून आपल्याला दिसला नाही, इतकंच.

तेव्हा पुढे या शाळांविषयी वाचताना, किंवा संगमनेर, औरंगाबाद, नागपूर, वांद्रे असं कुठं जाणं झालंच तर प्रत्यक्ष पाहताना, निकालाचा फलक आणि काचेच्या कपाटातल्या ढाली जरूर पाहाव्यात. मग कार्यालयात संध्याकाळचं वेळापत्रक मागावं. सात ते नऊ या रकान्यात कोणाचं नाव आहे ते वाचावं, आणि त्या वेळेला तो माणूस तिथं आहे का, हे थांबून बघावं. तोच प्रश्न आपल्या तालुक्याच्या नव्या वसतिगृहात विचारायला ओळखीची किंवा परवानगीची गरज नाही. ऑक्टोबर उजाडायच्या आत विचारलेला बरा.